लस दिल्यावर बाळाला ताप आला नाही, म्हणजे लस लागू पडली नाही का?

ताप आला नाही म्हणून लस फुकट गेली, असं अजिबात नाही. ताप येतो तो शरीराच्या पहिल्या फळीच्या धावपळीतून, एक-दोन दिवसांत. खरं काम नंतर जवळच्या लसीका ग्रंथीत चालतं. ज्या जंतूविरुद्ध लस आहे त्याला ओळखणाऱ्या बी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) तिथे वाढतात, प्रतिपिंडं तयार करतात, आणि काही पेशी ओळख धरून मागे राहतात. पहिल्या डोसला यासाठी साधारण दोन आठवडे लागतात. थर्मामीटरला यातलं काही कळत नाही.

लस वाया जाते ती कुपीतच, आणि नेमकं ते कुणी विचारत नाही याची मला चीड येते. ‘जितकी थंड तितकी चांगली’ हा समज साफ चुकीचा आहे. लस ठेवायची ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, म्हणजे २ च्या खालीही नाही. त्रिगुणी, धनुर्वात, हिपॅटायटिस बी या लसींत अॅल्युमिनियमचे क्षार असतात. लस गोठली की त्यांच्या गुठळ्या होतात आणि वितळल्यावरही त्या पूर्ववत होत नाहीत. कुपीवरचा रंग बदलणारा चौकोन फक्त उष्णता दाखवतो. गोठलेल्या कुपीवरही तो ‘ठीक’च दिसतो.

लस सांभाळणाऱ्यांनो, लस गोठल्याची शंका असेल तर शेक टेस्ट करा, म्हणजे कुपी हलवून गाळ किती वेगाने बसतो ते बघा. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक कुपी खूण करून रात्रभर फ्रीझरमध्ये दगडासारखी गोठवा, मग वितळू द्या. ती आणि संशयित कुपी एकाच हातात धरून १०-१५ सेकंद हलवा, सपाट जागी ठेवा, अर्धा तास बघा. संशयित कुपीतला गाळ गोठवलेलीइतक्याच किंवा जास्त वेगाने बसला, तर ती बाद. खूण केलेली कुपीही टाकायचीच. बहुतेक वेळा लस गोठते ती आइस पॅकमुळे. तो फ्रीझरमधून काढून लगेच लस नेण्याच्या डब्यात भरू नका. कानाशी हलवल्यावर आत पाणी डुचमळलं की मगच भरा.

गोवराच्या कोरड्या लसीला ही टेस्ट लागू नाही, तिला गोठण्याने बाधा होत नाही. मात्र द्रावक मिसळल्यावर ती सहा तासांच्या आत वापरायची, उरलेली फेकायची.

तुमच्या बाळाला निव्वळ ताप नाही म्हणून पुन्हा टोचू नका. पुढचा डोस लांबला असला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आणि हो, गोवराच्या लसीचा ताप आठवड्याभरानंतरही येऊ शकतो. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप ३८ अंशांवर गेला, तर लसीचाच असेल म्हणून घरी थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.