‘मी खोटी आहे का?’ असं विचारणाऱ्यांसाठी

निपाणी असो, खानापूर असो की बेळगाव शहर, विशी-पंचविशीतली मुलं-मुली हल्ली समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात: ‘इन्स्टावरची मी आणि घरातली मी, यांचा मेळ बसत नाही. मी लोकांना फसवतेय का?’ २०२० च्या जुलैत आपल्याकडे रील्स आले आणि हा प्रश्न फोटोपुरता राहिला नाही, त्यात बोलणं आलं. सीमाभागात बोलणं ही फार हळवी जागा आहे. घरातली मराठी एक, पुस्तकातली दुसरी, ऑफिसात आणि बाजारात कन्नड. कुठे कसं बोलावं याचा हिशेब इथलं मूल लहानपणापासूनच करत असतं.

तिला आपण शुभा म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि नऊ भेटींतलं मोजकंच इथे देते आहे. बेळगावच्या वडगावात घर, घरात दोन माग. ती साडी नेसण्याच्या पद्धती दाखवणारी रील्स करायची. बोलणं असं की ऐकणाऱ्याला ती सदाशिव पेठेतली वाटावी. माग थांबले की रात्री अकरानंतर आवाज रेकॉर्ड करायचा, आणि भिंतीचा पोपडा दिसू नये म्हणून मागे चादर टांगायची.

“मी फेक आहे का, मॅडम?”

“असं कुणी म्हटलं?”

“कुणीच नाही. पण लाइव्हमध्ये ओळखीचं नाव दिसलं की पोटात गोळा येतो.”

हे उत्तर मी लिहून ठेवलं. अनोळखी लोकांची तिला भीती नव्हती. आपल्या माणसांनी आपल्याला ‘तसं’ बोलताना पकडलं तर, ही धास्ती होती.

मी तिला चौदा दिवसांचं काम दिलं. हे कुणालाही घरी करता येईल. साधी वही घ्यायची, तीन रकाने आखायचे. पोस्ट टाकण्याआधी पहिल्यात लिहायचं, डोळ्यांसमोर नेमकं कोण आहे. ‘फॉलोअर्स’ असं मोघम नको, एका माणसाचं नाव हवं. दुसऱ्यात, मी काय कापलं, काय लपवलं. तिसरा रकाना पोस्टनंतर तासाभराने भरायचा: जिवाची घालमेल किती, शून्य ते दहा. बहुतेक जण तिसऱ्या दिवशी कंटाळून दुसरा रकाना सोडून देतात. सगळं गुपित तिथेच असतं, म्हणून तो मी कधीच माफ करत नाही.

शुभाच्या वहीत पहिल्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच नाव होतं, पुण्यातल्या एका जुन्या रूममेटचं. दुसऱ्यात ‘मागाचा आवाज’, ‘आईची हाक’. आकडे सात, आठ, आठ.

पाचव्या भेटीत मध्येच तिचा फोन वाजला. “आलो गं आई, तू जेवून घे. अर्ध्या तासात येतो.” फोन ठेवून ती लालबुंद झाली. “सॉरी मॅडम, चुकून तसं बोलले.”

आमच्या भागात बायका सर्रास ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात. त्यात चुकण्यासारखं काहीच नाही. मी एवढंच म्हटलं, “आईशी बोलताना तुझे खांदे खाली आले होते.”

ती बराच वेळ गप्प राहिली. मीही राहिले. अशा वेळी समुपदेशकाने घाईने धीर दिला की हाताशी आलेलं निसटतं. मग ती सांगू लागली. पुण्यात पहिल्याच आठवड्यात ‘मी अंघोळीला जातो’ म्हटल्यावर खोलीभर हसू पिकलं होतं. महिनाभर नक्कल चालली. “त्यानंतर मी ‘जाते’ म्हणायला शिकले. मला घरचं बोलायला आवडतंय मॅडम, खरं लाज वाटते.” हे ‘खरं’ म्हणजे आमच्याकडचं ‘पण’. पाच भेटींत ती माझ्याशीही पुणेरीच बोलत होती. इथे पहिल्यांदा तिचा स्वतःचा शब्द आला.

ब्रिटिश मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९६० मध्ये मांडलेला विचार मला इथे नेहमी उपयोगी पडतो. वरवरचं रूप हे आतल्या खऱ्या जिवाची राखण करण्यासाठी उभं राहतं. शुभाचं पुणेरी बोलणं हा तो राखणदार होता. त्याला खोटा ठरवून हाकललं, तर आतलं माणूस उघडं पडतं. म्हणून ‘मी खरी कोण?’ या प्रश्नापाशी मी फार रेंगाळत नाही. ‘मी काय लपवते आहे, आणि त्याला पहिल्यांदा कोण हसलं?’ हे शोधलं की वाट सापडते. आजोबांसमोर आणि मैत्रिणींसमोर आपण वेगळे असतोच, त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. त्रास सुरू होतो तो मागे उरलेल्या रूपाची लाज वाटू लागली की.

म्हणून रडत ‘ही खरी मी’ असा व्हिडिओ टाकू नका. जखम ओली असताना आलेली एक कुचकी कमेंट महिनाभर पुरते, आणि त्यात घरच्यांचंही खाजगी बाहेर जातं. रागाच्या भरात खातंही उडवू नका; कायमचं काढायला सांगितलं की मन बदलायला फक्त ३० दिवस मिळतात. नको वाटणाऱ्या पोस्ट अर्काइव्ह करा. त्या लोकांना दिसत नाहीत, तुमच्याकडे राहतात, परतही आणता येतात. लाइकचे आकडे सेटिंगमध्ये लपवा. ‘क्लोज फ्रेंड्स’मध्ये पाच ते आठच माणसं घ्या, ज्यांनी तुमची कधी नक्कल केली नाही अशी. आठवड्याला एक स्टोरी तिथे घरच्या बोलीत टाका. घालमेल चारच्या खाली उतरेपर्यंत यादी वाढवू नका. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर मात्र वहीवर थांबू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर लगेच फोन करा.

शुभाने सात जणांची यादी केली. पहिल्या स्टोरीत माग खटखटत होता, तो तिने कापला नाही. तिसऱ्या रकान्यात नऊ आले. पाचव्या स्टोरीला तीन.

नवव्या भेटीआधी एका दुकानाने तिला जाहिरातीचं काम देऊ केलं. अट अशी, की बोलणं पुणेरीच हवं. तिने होकार दिला. मला विचारलंही नाही, याचा मला फार आनंद झाला. वहीत पहिल्या रकान्यात दुकानदाराचं नाव होतं, दुसऱ्यात ‘कामाचा आवाज, घरी सांगितलंय’, आणि तिसऱ्यात दोन.