घर झाले, मग उत्साह का ओसरला?

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात घर बांधले. प्लॉट घेतल्यापासून वास्तुशांतीपर्यंतचा काळ फार उत्साहात गेला. आता काही महिन्यांतच सारे नेहमीचे वाटते. सुख वाट पाहण्यातच असते का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : हा कृतघ्नपणा नाही, हे आधी सांगते. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांत असे दिसले की, फळांचा रस मिळण्याची खूण ओळखीची झाल्यावर मेंदूतील डोपामिन हे रसायन स्रवणाऱ्या पेशी त्या खुणेलाच प्रतिसाद देतात आणि अपेक्षेप्रमाणे मिळालेल्या रसाला जवळजवळ देत नाहीत. डच पर्यटकांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही सहलीला जाणारे लोक निघण्यापूर्वी इतरांपेक्षा आनंदी आढळले. परतल्यावर बहुतेकांत तो फरक उरला नव्हता.

तरीही पूर्ती निरर्थक आहे, असे मला मुळीच वाटत नाही. भिंती बदलत नाहीत, म्हणून मन त्यांना सरावते. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा मात्र दर जानेवारीत येऊनही शिळी होत नाही, कारण मध्ये वर्षाचे अंतर असते आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीला आपण आपल्या माणसांसोबत जातो. आपल्या घरालाही असे प्रसंग द्या. महिन्यातून एकदा नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या जेवणाला बोलवा, आणि तारीख बरीच आधी ठरवा, म्हणजे वाट पाहणेही वाट्याला येईल. ओसरलेला उत्साह परत आणण्यासाठी लगेच दुसरी मोठी खरेदी मात्र कृपया करू नका.