ओलं फेरोसिलिकॉन आणि बंद गोदाम: वाचकांचे प्रश्न

आगोटीच्या तोंडावर यंदा फेरोसिलिकॉनबद्दल बरीच पत्रं आली. लोखंड आणि सिलिकॉनचा हा मिश्रधातू पोलादातला ऑक्सिजन काढायला आणि बिडाच्या ओतकामात वापरतात. तळोजा, खोपोली, वाडा या पट्ट्यातल्या भट्ट्यांवर तो नेहमी लागतो. कोरडा असताना त्याचा त्रास नसतो. म्हणूनच पावसात त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि मला काळजी वाटते ती याच गोष्टीची.

पत्र्यातून गळती होऊन फेरोसिलिकॉन 75 च्या (75 टक्के सिलिकॉनच्या) काही गोण्या भिजल्या. दुसऱ्या दिवशी शटर उघडलं तर लसणासारखा वास आला. गोण्या ताडपत्रीत गच्च गुंडाळून कोपऱ्यात ठेवल्या आहेत. बरोबर केलं ना? (स्टोअरकीपर, तळोजा)

नाही. तुमचा हेतू चांगला होता, पण ओला माल गुंडाळणं हेच यातलं सगळ्यात धोक्याचं काम. तो वास फॉस्फिन या विषारी वायूचा असण्याची दाट शक्यता आहे.

हे कसं होतं ते सांगतो. फेरोसिलिकॉन विजेच्या भट्टीत गारगोटी, कोक आणि लोखंड यांच्यापासून तयार होतं. कच्च्या मालात थोडा फॉस्फरस असतोच. भट्टीच्या उष्णतेत तो कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमच्या अंशांशी जुळून फॉस्फाइड बनतो आणि मालातच राहतो. त्याला पाणी लागलं, अगदी दमट हवा जरी लागली, की फॉस्फिन वायू सुटतो. धान्याच्या कोठारात कीड मारायला ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात, त्यांतून निघतो तोच हा वायू. कधी अत्यल्प आर्सिन हा दुसरा विषारी वायूही असतो, आणि भुकटी भिजली तर हायड्रोजन. हायड्रोजन हवेत 4 ते 75 टक्के असला की एका ठिणगीवर पेटतो, आणि तो वर छताशी साठतो. फॉस्फिन हवेपेक्षा किंचित जड असल्यामुळे कोपऱ्यांत आणि खड्ड्यांत रेंगाळतो.

कारखाना अधिनियम 1948 च्या दुसऱ्या अनुसूचीत फॉस्फिनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने 0.3 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 0.3 भाग) आणि थोड्या वेळासाठी 1 पीपीएम दिली होती. 50 पीपीएमला जिवाला तात्काळ धोका मानतात. नाकावर भरवसा ठेवू नका. शुद्ध फॉस्फिनला वास नसतो, आणि अशुद्ध असला तरी त्याचा वास काहींना कळतो, काहींना नाही. वास गेला म्हणजे वायू गेला असं धरून चालू नका.

आता करायचं काय? शटर आणि खिडक्या बाहेरूनच उघडा आणि वारा खेळू द्या. आतला पंखा किंवा दिव्याचं बटण दाबू नका. फॉस्फिन आणि हायड्रोजन मोजणाऱ्या मीटरने तपासल्याशिवाय कुणाला आत पाठवू नका. मीटर नसेल तर सेफ्टी ऑफिसरमार्फत मागवा, तोवर गोदाम उघडं आणि रिकामं राहू दे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क इथे काही कामाचा नाही. हवेत किती वायू आहे हे ठाऊक नसेल, तर स्वतःचा हवेचा सिलेंडर पाठीवर असलेला प्रशिक्षित माणूसच आत जाईल, आणि बाहेर दुसरा उभा असेल. मग ताडपत्री सोडून माल छपराखाली पण चारी बाजूंनी मोकळ्या जागी पातळ पसरायचा. जहाजावर चढवण्याआधीही हा माल किमान तीन दिवस छपराखाली हवेशीर ठेवल्याचा दाखला लागतो. कारण हेच.

पुढच्या पावसाळ्यासाठी: माल पॅलेटवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि गोदामाला खाली आणि वर दोन्हीकडे झरोके. कोकणात आपण पाऊस लागला की सगळं बंद करतो, फटींत कापड कोंबतो. भाताला ते ठीक. या मालाला छप्पर पक्कं हवं आणि हवा मोकळी हवी. शिवाय 75 पेक्षा मधल्या ग्रेडवर, म्हणजे साधारण 45 ते 65 टक्के सिलिकॉनवर, जास्त नजर ठेवा. तो माल साठवणीत आपोआप फुटून भुकटी होण्याची शक्यता जास्त, आणि भुकटी झाली की पाणी लागायला पृष्ठभाग कितीतरी वाढतो.

यजमान न्हावा शेवाहून माल नेतात. पावसात क्लीनर ताडपत्रीखाली मालावरच झोपतो. परवा त्याला उलट्या झाल्या, डोकं धरलं होतं. माल फेरोसिलिकॉनचा होता. काळजीचं आहे का? (गृहिणी, उरण)

हो, ताई. त्या मुलाला आजच डॉक्टरांकडे न्या आणि ‘फॉस्फिन लागला असावा’ हे स्पष्ट शब्दांत सांगा. नाहीतर उलट्या आणि डोकेदुखी पित्तावर ढकलली जाते. फॉस्फिनवर उतारा नाही. उपचार लक्षणांवरच होतात, आणि फुफ्फुसात पाणी भरायला कधी दोन दिवससुद्धा लागतात, म्हणून बरं वाटलं तरी देखरेख हवी. लघवी लालसर किंवा काळपट झाली तर आर्सिनचा संशय घ्यायचा आणि थेट मोठं रुग्णालय गाठायचं. छातीत दडपलं किंवा दम लागला तर त्याला चालवू नका, 108 ला फोन करा.

ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. 1908 साली ॲंटवर्पहून ग्रिम्सबीला निघालेल्या ‘ॲश्टन’ जहाजावर फेरोसिलिकॉन होतं. मालाजवळच्या जागेत झोपलेले पाच रशियन प्रवासी त्यात दगावले. त्या मृत्यूंनंतर ब्रिटनमध्ये सरकारी चौकशी झाली. आज 30 ते 90 टक्के सिलिकॉनच्या मालाला यूएन 1408 हा धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक आहे आणि ‘ओलं झाल्यास धोकादायक’ व ‘विषारी’ अशी दोन लेबलं लागतात. यजमानांना सांगा, केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 प्रमाणे धोकादायक मालाची लेखी माहिती चालकाजवळ असायला हवी. ती मागून घ्यायची, लाजायचं नाही. आणि मालावर किंवा मालाशेजारी बंद जागेत कुणी झोपायचं नाही, पाऊस कितीही असो.

लॅडलमध्ये (वितळलेल्या धातूच्या बादलीत) फेरो टाकताना मोठा आवाज होऊन धातू उडाला. माल थोडा दमट होता. भट्टीच्या कडेला वाळवून घेतला तर चालेल? (भट्टीवरचे कामगार, वाडा)

धातू उडाला तो वाफेमुळे. वितळलेल्या धातूत पाणी शिरलं की वाफ होऊन ते सुमारे 1,600 पट फुगतं, आणि थेंबभर ओलाव्यानेही वरचा धातू उसळतो. वाचलात हे मोठं. ओतकामात पिनहोल, म्हणजे बारीक छिद्रं, येतात त्यामागेही अनेकदा हाच दमटपणा असतो.

वाळवणं योग्य, पण जागा आणि वेळ पाहून. ओला माल तापवला की वायू तिथेच सुटेल, म्हणून पिटमध्ये किंवा बंद शेडमध्ये वाळवू नका. आधी मोकळ्या हवेत पसरून ओल जाऊ द्या. मग वरून हवा ओढणाऱ्या हूडखाली, थोडा थोडा, शंभर अंशांच्या बऱ्याच वर तापवून घ्या. भिजलेली भुकटी मात्र भट्टीत टाकूच नका, ती वेगळी ठेवून पुरवठादाराला परत घ्यायला सांगा. कोरडा गरम माल आणि पूर्ण चेहऱ्याची ढाल, या दोन गोष्टींसाठी सुपरवायझरशी भांडावं लागलं तरी भांडा.

नुसत्या हाताने उचलला तर विष लागतं का? (माथाडी कामगार, खोपोली)

नाही. हातमोजे घाला ते कडा धारदार असतात म्हणून. धूळ छातीत जाऊ देऊ नका, आणि झाडताना ती उडवू नका. बारीक धूळ हवेत पसरली तर ठिणगीने भडकू शकते.

आमच्याकडे कॉस्टिक सोड्याचे ड्रम आणि फेरोसिलिकॉन एकाच शेडमध्ये आहेत. आग लागली तर पाण्याचा पाइप जवळच आहे. पुरे का? (लोटे)

दोन्ही चुकीचं आहे. कॉस्टिकचं पाणी आणि फेरोसिलिकॉनची भुकटी एकत्र आली की हायड्रोजन जोरात निघतो. पहिल्या महायुद्धात लष्करी फुगे भरायला हीच क्रिया मुद्दाम वापरत. शेड वेगळी करा, ओला सिमेंट-चुनासुद्धा लांब ठेवा. आगीला पाणी किंवा फेस मारायचा नाही. कोरडी वाळू आणि कोरडी रासायनिक पावडर जवळ ठेवा, आणि अग्निशमन दलाला मालाचं नाव आधीच कळवून ठेवा.

आंबा घाटात ट्रक उलटला होता. तिथले चकचकीत राखाडी दगड पोरांनी आणून पडवीत बादलीत भरले आहेत. घरात ठेवू का? (साखरपा)

ते फेरोसिलिकॉन असेल तर घरात नको. बादलीत पाणी असेल तर पोरांना लांब पाठवा, बादलीला हात न लावता पडवी मोकळी ठेवा आणि 112 ला कळवा. दगड कोरडे असतील तर हातमोजे घालून घरापासून दूर, छपराखाली मोकळ्या जागेत पसरा, झाकण घालू नका आणि पोलीस पाटलांना सांगा. मालाच्या मालकाने ते परत न्यायचे असतात. विहिरीत किंवा वहाळात मात्र एकही दगड टाकू नका.