सूर्याची वादळं आणि वरचा ओझोन: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (सोलापूर): मे २०२४मधल्या सौर वादळात लडाखच्या हानले इथूनही आकाश तांबडं झालेलं दिसलं. इतक्या जोराच्या वादळानं ओझोनच्या थराला भोक पडत नाही का?

नाही. सगळी गोम उंचीत आहे. वातावरणातला सुमारे ९० टक्के ओझोन स्थितांबरात, मुख्यतः १५ ते ३५ किलोमीटरच्या पट्ट्यात असतो. हानलेहून दिसलेला तांबडा प्रकाश २०० किलोमीटरच्याही वरून, ऑक्सिजनच्या अणूंमधून येतो. बाहेरून आलेला कण किती खाली उतरणार, हे त्याची ऊर्जा ठरवते. ध्रुवीय प्रकाश उजळवणारे काही हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन १०० किलोमीटरच्या वरच अडतात. १० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन साधारण ६० किलोमीटरपर्यंत पोचतो. १ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रोटॉन ६५च्या आसपास थांबतो आणि १० कोटींचा ३५पर्यंत येतो. म्हणजे वादळाची झळ लागते ती मुख्यतः मध्यांबराला (स्थितांबराच्या वरचा, साधारण ५० ते ८५ किलोमीटरचा थर) आणि स्थितांबराच्या माथ्याला.

अंटार्क्टिकावरचं ‘छिद्र’ १२ ते २२ किलोमीटरच्या दरम्यान पडतं. ते शीतकांतल्या आणि फवाऱ्यांतल्या वायूंमधून आलेल्या क्लोरीनमुळे पडतं आणि त्याचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा. सौर वादळाच्या बातमीत ‘भोक’ हा शब्द वापरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. दोन्हींचं कारण वेगळं, उंची वेगळी, उपायही वेगळा.

प्रश्न (नाशिक): सौर वादळातले प्रोटॉन ओझोनच्या रेणूवर आदळून तो फोडतात, असं वाचलं. बरोबर आहे का?

थेट आदळून फुटणारे रेणू हिशेबात धरण्याइतकेही नसतात. नुकसान होतं ते प्रोटॉनच्या मागे उरलेल्या रसायनांमुळे.

प्रोटॉन हवेत शिरला की वाटेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन उडवत जातो. आयनांची एक जोडी तयार होताना त्याची सरासरी ३५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा खर्च होते. म्हणजे १ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टचा एकच प्रोटॉन थांबेपर्यंत सुमारे २ लाख ८५ हजार जोड्या मागे ठेवतो. इथून दोन वाटा फुटतात.

पहिली पाण्याची. आयनांभोवती पाण्याचे रेणू चिकटून गुच्छ बनतात आणि ते गुच्छ मोडताना सुटा हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल बाहेर पडतात, एका जोडीमागे जास्तीत जास्त दोन. ८० किलोमीटरच्या वर पाण्याची वाफ फारच विरळ होत असल्यानं ही वाट तिथे आटते. त्याखाली, मध्यांबरात, ती ओझोनचा झपाट्यानं फडशा पाडते. पण हे घटक तासाभरात, फार तर दिवसभरात एकमेकांशी जुळून संपतात, त्यामुळे प्रोटॉन थांबले की तिथला ओझोन लवकर भरून येतो.

दुसरी वाट नायट्रोजनची, आणि खरी चिवट तीच. एका आयनजोडीमागे सुमारे सव्वा नायट्रोजन अणू सुटतो. त्यातले निम्म्याहून थोडे जास्त उत्तेजित असतात. ते ऑक्सिजनच्या रेणूशी जुळून नायट्रिक ऑक्साइड बनवतात. उरलेले शांत अणू उलट तयार झालेला नायट्रिक ऑक्साइडच मोडतात. नुसता सव्वानं गुणाकार केला तर उत्तर चुकतं ते यामुळेच. आता साखळी पाहा. नायट्रिक ऑक्साइड ओझोनकडून एक अणू घेऊन नायट्रोजन डायऑक्साइड होतो, तो सुट्या ऑक्सिजन अणूला भेटला की पुन्हा नायट्रिक ऑक्साइड. रेणू तोच, ओझोन मात्र दर फेरीला एक कमी. उजेडात मध्यांबरातला नायट्रिक ऑक्साइड अतिनील किरणांनी फुटतो. ध्रुवावरच्या हिवाळी अंधारात त्याला फोडणारं कुणी नसतं. तो आठवडेच्या आठवडे टिकतो आणि ध्रुवीय भोवऱ्यातल्या (हिवाळ्यात ध्रुवाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांच्या चक्रातल्या) उतरत्या हवेबरोबर हळूहळू स्थितांबरात येतो.

ऑगस्ट १९७२च्या प्रोटॉन वादळानंतर वरच्या ओझोनमधली घट निंबस-४ उपग्रहाच्या नोंदींत सापडली. वातावरण-रसायनशास्त्रज्ञ पॉल क्रुट्झेन आणि सहकाऱ्यांनी नायट्रिक ऑक्साइडचा हा मार्ग १९७५मध्ये मांडला होता. ऑक्टोबर-नोव्हेंबर २००३च्या वादळात एन्व्हिसॅट उपग्रहानं उत्तर ध्रुवाकडे खालच्या मध्यांबरात ५० ते ७० टक्के आणि वरच्या स्थितांबरात सुमारे ३० टक्के घट मोजली. वरची लवकर भरली, खालची रेंगाळली.

प्रश्न (रत्नागिरी): मग अशा दिवसांत उन्हात जास्त काळजी घ्यायची का?

वादळासाठी म्हणून नाही. ५० किलोमीटरच्या वरचा सगळा ओझोन मिळूनही एकूण थराचा अगदी छोटा हिस्सा असतो, म्हणून तिथे निम्मा गेला तरी जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. शिवाय महाराष्ट्राच्या डोक्यावर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जवळजवळ आडवं आहे. ते ओलांडायला प्रोटॉनला १० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त ऊर्जा लागते. वादळातले बहुतेक प्रोटॉन त्याच्या जवळपासही नसतात, ते ध्रुवांकडे वळतात.

प्रश्न (पुणे): सूर्याची क्रियाशीलता वाढली की ओझोन वाढतो, असंही वाचनात आलं. हे उलटं कसं?

दोन्ही खरं आहे, जागा वेगळ्या. ओझोन तयार व्हायला आधी ऑक्सिजनचा रेणू फुटावा लागतो आणि ते काम २४२ नॅनोमीटरहून आखूड किरण करतात. सूर्याच्या ११ वर्षांच्या चक्रात २०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश काही टक्क्यांनी कमी-जास्त होतो. त्यामुळे चक्राच्या शिखरावर उष्णकटिबंधात ४० किलोमीटरच्या आसपास ओझोन दोन-चार टक्के जास्त असतो. किरण सगळीकडे पडतात, कण मात्र ध्रुवांकडे. हा फरक ध्यानात ठेवला की गोंधळ उरत नाही. आदित्य-एल१वरची ‘सूट’ ही दुर्बीण सूर्याचं २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये चित्रण करते. ती तुमच्याच गावच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेच्या पुढाकारानं तयार झाली आहे.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर, बी.एस्सी. तिसरं वर्ष): प्रकल्पासाठी ही घट उपग्रहाच्या नोंदींत स्वतः शोधायची आहे. कुठून सुरुवात करू?

जानेवारी २००५ घ्या. १७ तारखेला प्रोटॉनप्रवाह ५,०४० एककांवर गेला होता (१ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे, दर चौरस सेंटिमीटर, दर सेकंद, दर स्टेरेडियन) आणि २० तारखेला आणखी एक जोरदार झोत आला. उत्तर ध्रुवावर तेव्हा अंधार होता आणि त्या हिवाळ्यात भोवरा मध्येच मोडला नव्हता. भोवरा मोडला की हवा वरखाली होऊन ओझोन आपोआप बदलतो आणि दोष वादळावर जातो.

प्रोटॉनची नोंद अमेरिकेच्या गोज या हवामान उपग्रहांची घ्या. ओझोनसाठी ऑरा उपग्रहावरच्या एमएलएस या उपकरणाच्या रोजच्या फाइल नासाच्या संकेतस्थळावर खातं उघडून फुकट मिळतात. हेच उपकरण का? ते हवेतूनच निघणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजतं, त्याला उजेड लागत नाही. परतलेला सूर्यप्रकाश मोजणारी उपकरणं ध्रुवीय रात्रीत आंधळी असतात, आणि एकूण थराच्या डॉब्सन (एकूण ओझोनचं एकक) नोंदीत ही घट दिसणारच नाही.

दर फाइलमध्ये सुमारे ३,५०० उभ्या नोंदी असतात. आधी गाळणी लावा, म्हणजे खराब नोंदी वगळा. फाइलमध्ये प्रत्येक नोंदीसोबत दर्जाचे रकाने असतात: स्टेटस सम अंक हवा, प्रिसिजन धन हवं, क्वालिटी आणि कन्व्हर्जन्स फाइलच्या त्याच आवृत्तीच्या मार्गदर्शकातल्या मर्यादेत हवेत. मग ०.१ ते ०.०२ हेक्टोपास्कल, म्हणजे साधारण ६४ ते ७५ किलोमीटरचे थर उचला. १० ते १४ जानेवारीची सरासरी हा पाया. १६ ते २२चे दिवस एकेक करून त्याच्याशी ताडून पाहा.

चुका दोन ठिकाणी हमखास होतात. पहिली, भौगोलिक अक्षांश वापरणं. प्रोटॉन चुंबकीय अक्षांश (पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाच्या हिशेबानं मोजलेले) पाळतात. सैबेरियातलं याकुत्स्क ६२ अंश उत्तरेला असूनही चुंबकीय ६०च्या आत राहतं आणि त्याच्या दक्षिणेला असलेलं कॅनडातलं चर्चिल ६५च्याही पलीकडे जातं. फाइलमध्ये फक्त भौगोलिक अक्षांश असतो. रूपांतर तुम्हाला करावं लागेल, मगच ६०च्या वरच्या नोंदी निवडा.

दुसरी, दिवस-रात्र एकत्र करणं. मध्यांबरात रात्रीचा ओझोन दिवसाच्या कित्येक पट असतो, त्यामुळे एखाद्या दिवशी उजेडातल्या नोंदी थोड्या जास्त आल्या तरी आलेखात खोटी दरी पडते. ‘रात्र’ ठरवताना सूर्याचा शिरोबिंदूपासूनचा कोन ९० अंश धरू नका. ७० किलोमीटरवरून क्षितिज खाली झुकतं, तिथे सूर्य सुमारे साडेअठ्ठ्याण्णव अंशांपर्यंत दिसत राहतो. १०० अंशांच्या पुढच्याच नोंदी घ्या. हा कोन फाइलमध्ये प्रत्येक नोंदीसोबत दिलेला असतो. एवढं करूनही प्रोटॉन वाढण्याआधीच, १५ तारखेला ओझोन खाली गेलेला दिसला, तर आधी त्या दिवशीच्या गाळणीतून किती नोंदी उरल्या ते मोजा.