तीन महिने गायचं नाही म्हणे!

प्रश्न: मी ३१ वर्षांची, नऊ वर्षं ख्याल शिकतेय. नोकरी सांभाळून रोज पहाटे दीड तास रियाज, एक दिवस चुकवला नाही. गेल्या महिन्यात आवाज फाटायला लागला, वरचा तार सा लागेना. डॉक्टरांनी स्वरयंत्रावर नोड्यूल्स, म्हणजे छोट्या गाठी, सांगितल्या आणि तीन महिने गाणं बंद केलं. तानपुरा कोपऱ्यात गवसणीत आहे, बघवत नाही. बरोबरच्या मुली पुढे जातील, मी परत पहिल्या पायरीवर येईन असं वाटून रात्री रडू येतं. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, रडू येणारच हो, नऊ वर्षं जे पहाटे उठून केलं तेच कुणीतरी काढून घेतलंय. पण पहिलं सांगते, डॉक्टरांचं तंतोतंत ऐका, चोरून गुणगुणू नका आणि कुजबुजत बोलायचंही टाळा, त्यानेही गळ्यावर ताण येतो.

आता कुमार गंधर्वांचं बघा. अकरा-बारा वर्षांचे असताना मोठमोठ्या मैफली गाजवलेला मुलगा, १९४७ ला लग्न झालं आणि लगेच क्षय निघाला. १९४८ च्या सुरुवातीला कोरड्या हवेसाठी देवासला नेलं, गाणं पूर्ण बंद, ऐन चोविशीत, आणि एकदोन महिने नाही तर पाच वर्षांच्या आसपास! त्यांच्या पत्नी भानुमतीताई शाळेत नोकरी करून घर आणि आजारपण दोन्ही बघत होत्या, त्यांची तपश्चर्या मला तर कुमारजींइतकीच मोठी वाटते. आणि कुमारजी पडल्यापडल्या ऐकत होते, माळव्यातल्या बायकांची गाणी, दारावरून जाणाऱ्या जोग्यांची निर्गुणी भजनं. १९५३ ला परत गायला बसले तेव्हा एक फुफ्फुस जवळजवळ निकामी होतं, पूर्वीसारखा लांब दम नव्हता, मग छोट्या छोट्या, नेमक्या सुरांच्या जागा आल्या आणि ऐकलेल्या त्या लोकधुनांतून पुढे नवे राग उभे राहिले. ते ऐकणं वाया गेलं असं कोण म्हणेल?

माझाही गळा एकदा दोन महिने बसला होता आणि मी ते दोन्ही महिने नुसती कुढत बसले, त्याची हळहळ अजून आहे, म्हणून इतकं कळकळीने सांगतेय.

तुम्ही तो तानपुरा आजच गवसणीतून काढा. पहाटेची वेळ तीच ठेवा, फक्त गायचं नाही. पंचमाची तार, मग मधल्या दोन्ही जोडाच्या तारा, मग खर्जाची, सावकाश छेडत राहा. घोडीवर तारेखाली असतो तो जवारीचा दोरा केसभर पुढेमागे सरकवा, आवाज कुठे बोदा होतो, कुठे एकदम खुलतो ते ऐका. नीट जुळला ना की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलायला लागतो, कुणी छेडलेला नसतो तो! तो ऐकू येईपर्यंत उठू नका. गुरूंनाही विचारा, क्लासमध्ये नुसतं ऐकायला येऊन बसू का म्हणून. सुरुवातीला दुसऱ्या मुलींना गाताना बघून आतून तुटायला होईल, पहिला आठवडा तर फार जड जाईल, तरी जा.

आणि डॉक्टर हो म्हणाले की पहिल्या दिवशी दहाच मिनिटं, मध्य सप्तकात, नुसता ‘आ’कार. तार सा ला हात लावायची घाई अजिबात नको. त्याआधी व्हॉइस थेरपिस्टला एकदा दाखवा, कारण गाताना जोर कुठे पडत होता हे कळलं नाही तर गाठी परत येऊ शकतात. तीन महिन्यांनी कसं वाटलं ते मला नक्की कळवा, मी वाट बघतेय.