प्रश्नोत्तरे: चीन पुढे की आपण? आधी वर्ष सांगा

या महिन्याच्या पत्रांतली निम्मी चीनच्या शेअर बाजाराबद्दल आहेत. सांगलीत बसून शांघायची एवढी काळजी कधीपासून लागली, कोण जाणे.

दोन्हींत जुना बाजार कुठला? (तासगाव)

मुंबईचा, 1875 चा. शांघायचा आजचा बाजार डिसेंबर 1990 चा. पण जुना म्हणजे पुढारलेला नव्हे. मुंबई शेअर बाजारात 1995 पर्यंत रिंगणात ओरडूनच सौदे व्हायचे.

चीनमध्ये आज घेतलेला शेअर आजच विकता येत नाही, हे खरं का? (विटा)

खरं. उद्यापर्यंत थांबावं लागतं.

एम.कॉम.च्या प्रकल्पासाठी भारत आणि चीनच्या शेअर निर्देशांकांची तुलना करते आहे, आराखडा सोबत पाठवला आहे. एका फंडाच्या माहितीपत्रकात भारत कितीतरी पुढे दिसतो, यूट्यूबवर चीन. खरं कोण? (विश्रामबाग)

दोघंही. पंचाईत तिथेच आहे. शांघायचा निर्देशांक जून 2005 मध्ये हजाराच्या आसपास होता, ऑक्टोबर 2007 मध्ये 6,124 वर गेला. सहापट! त्याच काळात आपला सेन्सेक्स सातएक हजारांवरून वीस हजारांच्या घरात आला, म्हणजे जेमतेम तिप्पट. आता मोजणी ऑक्टोबर 2007 पासून करा. शांघायला ते शिखर 2024 संपेपर्यंत पुन्हा दिसलं नाही, आणि सेन्सेक्सने जुलै 2024 मध्ये 80,000 ओलांडले. हळदीची तेजी-मंदी कुठल्या महिन्यापासून मोजायची, हे मार्केट यार्डात पोरासोरांनाही कळतं. फंड विकणाऱ्यालाही कळतंच, म्हणून तर तो सोयीचं वर्ष निवडतो.

आणि निर्देशांक चढला म्हणजे बाजार विकसित झाला, हे डोक्यातून काढून टाका. अडकून पडलेले शेअर विक्रीला खुले करणाऱ्या 2005 च्या सुधारणेआधी चिनी कंपन्यांचे जवळपास दोन तृतीयांश शेअर बाजारात विकायलाच येत नव्हते. मग त्या वर्षांचं नुसतं बाजारमूल्य (सगळ्या शेअरची मिळून किंमत) जीडीपीने भागून काय कळणार? परदेशी संस्थांना आपण 1992 मध्ये दार उघडलं, चीनने 2002 मध्ये. उलट रोखे बाजारात, म्हणजे सरकार आणि कंपन्यांच्या कर्जरोख्यांच्या बाजारात, चीन आज अमेरिकेच्या खालोखाल आहे. तुमच्या आराखड्यात रोख्यांचा उल्लेखच नाही. सुरुवातीची किमान तीन वेगळी वर्षं धरून तक्ते करा आणि मार्गदर्शकांना दाखवा. बाइंडिंग झाल्यावर नव्हे, आधी.

निवृत्तीच्या पैशातले नऊ लाख चीनच्या फंडात घालायचा फॉर्म एजंटाने भरून नेला. बरोबर केलं ना? (मिरज)

काका, हे सही करण्याआधी विचारायचं असतं. तुमची पेन्शन, कर्ज, औषधपाणी यातलं मला काहीच ठाऊक नाही, म्हणून पत्रातून हो-नाही सांगणार नाही. सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, नोंदणी असलेल्या, फी घेऊन सल्ला देणाऱ्या माणसाकडे कागद घेऊन याच आठवड्यात जा. कमिशनवाल्याला ‘माझ्या हिताचं आहे का’ विचारून उपयोग नाही.

चिनी आयपीओत (कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीत) ‘आतला कोटा’, महिन्याला 8 टक्के, असा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. भावजींना पहिला हप्ता मिळालाही. आम्हीही भरावे का? (पलूस)

नाही. पहिला हप्ता म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. भावजींना आजच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळतात, आठवडाभर विचार करायला वेळ नाही. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. भावजी रुसले तर रुसू द्या.