चहापेक्षा कोमट पाण्यात उष्णता जास्त कशी?

तुम्ही विचारलंय की कपभर चहाने जीभ पोळते, बादलीतल्या कोमट पाण्याने काहीच होत नाही, तरी उष्णता बादलीत जास्त असं मुलीला क्लासमध्ये सांगितलं, ते खरं का? आणि उष्णता पदार्थाच्या वजनावर ठरते का? पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं उत्तर ‘बरंचसं’, आणि मला स्वतःला तोच भाग जास्त आवडतो.

मी परळला दहावीला विज्ञान शिकवते, त्यामुळे आधी आकडे मांडते. घरातलं तापमान २८ अंश सेल्सिअस धरा, चहा म्हणजे पाणीच समजा. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला लागते ती एक कॅलरी. १०० ग्रॅम चहा ८० अंशांवरून २८ वर येताना ५,२०० कॅलरी उष्णता सोडतो. १५ लिटर पाणी ४० वरून २८ वर येताना सोडतं १,८०,००० कॅलरी, म्हणजे जवळजवळ पस्तीस पट. तापमान सांगतं ती कणांची सरासरी धावपळ. उष्णतेचा साठा म्हणजे सगळ्या कणांची मिळून बेरीज. जीभ पोळते कारण उष्णता किती जोरात वाहणार हे तापमानातल्या फरकावर ठरतं, एकूण साठ्यावर नाही.

घरात याचा पुरावा म्हणजे गीझर. २,००० वॅटच्या गीझरला १५ लिटर पाणी २८ वरून ६० अंशांपर्यंत न्यायला साधारण १७ मिनिटं लागतात, २५ लिटरला २८ मिनिटं. काटा दोन्हीकडे ६० वरच थांबतो, पण वीज पहिल्यात अर्ध्या युनिटच्या थोडी वर जाते आणि दुसऱ्यात जवळजवळ एक युनिट.

आता ‘बरंचसं’ का म्हटलं ते. एक किलो ॲल्युमिनियम एका अंशाने तापवायला सुमारे ९०० ज्यूल (उष्णता मोजायचं दुसरं एकक, कॅलरीहून लहान) लागतात, एक किलो शिशाला जेमतेम १३०. वजन तेच, मग सातपट फरक कुठून आला? शिशाचा अणू जड (अणुवस्तुमान २०७), ॲल्युमिनियमचा हलका (२७). म्हणजे एका किलोत ॲल्युमिनियमचे अणू शिशाच्या साडेसात पटींहून जास्त भरतात. हिशोब किलोऐवजी अणूंवर केला की दोन्ही धातू जवळपास सारखे निघतात! द्युलाँ आणि पेती या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८१९ साली हेच दाखवलं: घन मूलद्रव्याचा प्रत्येक अणू एका अंशाला साधारण तेवढीच उष्णता घेतो. नेहमीच्या तापमानाला बहुतेक धातूंना हा नियम लागू पडतो. फार थंडीत तो मोडतो. हा तक्ता फळ्यावर मांडते तेव्हा मला दर वर्षी तितकाच आनंद होतो.

पाण्याचं मात्र वेगळं. एका किलोला एका अंशासाठी ४,१८६ ज्यूल. रेणू हलके, म्हणून संख्येने भरपूर, आणि एकमेकांना धरून बसलेले. ती पकड सैल करण्यातही उष्णता खर्च होते. अरबी समुद्रात असं पाणी अफाट आहे, म्हणून मुंबईत दिवसरात्रीच्या तापमानात नागपूरएवढी तफावत पडत नाही.

मुलीला परीक्षेत कारण लिहायचं असेल तर तिने वस्तुमान, विशिष्ट उष्माधारकता (ठरावीक वस्तुमानाचा पदार्थ एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता) आणि तापमानातला बदल या तिन्हींचा गुणाकार लिहावा, आणि खाली चहा-बादलीचं गणित सोडवून दाखवावं.